सावलीची प्रॉक्सी

कोकणातल्या एका सड्यावर, घावन खाता खाता, यामिनी रहांगडालेच्या डोक्यात सूड शिरला.

त्याआधी तिच्या डोक्यात राग होता. राग म्हणजे काय, घरात पाळलेलं मांजर. कधी गुरगुरतं, कधी कोपऱ्यात झोपतं. पण त्या दुपारी तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि त्या मांजराचा एकदम वाघच झाला!

व्हिडिओ गोव्याचा होता. बाहेर तुफान वारा, माड जमिनीला टेकायच्या बेतात, आणि महाव्योम एअरचं भलंमोठं जेट खेकड्यासारखं तिरकं तिरकं खाली येतंय. वारा आडवा असला की विमानाला असंच यावं लागतं: नाक वाऱ्याकडे, प्रवास धावपट्टीकडे. जमीन अगदी पायाशी आली की मग पायानं पेडल दाबून नाक सरळ करायचं आणि हलकेच टेकायचं. जेट टेकलं, प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, आणि पडद्यावर वैमानिकाचा चेहरा आला. सौमित्र खानझोडे. गालावर खळी, खांद्यावर सोनेरी पट्ट्या.

"आडव्या वाऱ्याला घाबरायचं नसतं," सौमित्र हसत म्हणाला, "त्याच्याशी मैत्री करायची असते."

"मैत्री?" यामिनी एवढ्यानं ओरडली की चटणीची वाटी लवंडली.

तिनं व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. आणि मग तिला ते दिसलं. टेकण्याच्या जरा आधी जेटच्या नाकानं दोनदा मान डोलावली होती. अगदी हलकेच. अंधाऱ्या जिन्यात पुढची पायरी आहे की नाही ते आपण पाय टेकवून बघतो ना, तसं. पेडल जोरात दाबायच्या आधी ते दोनदा चाचपून बघायचं, ही खोड जगातल्या एकाच पायाला होती. यामिनीच्या.

"माझ्या पायांनी विमान उतरवतोस," ती पडद्यावरच्या खळीला म्हणाली, "आणि टाळ्या स्वतःच्या खिशात घालतोस? थांब लेका."

पाय हिचे आणि विमान त्याचं, ही भानगड समजायला तीन वर्षं मागे जावं लागेल.

यामिनी तिरोड्याची, सौमित्र भंडाऱ्याचा. दोघं विदर्भातल्या आकाशदीप वैमानिकी प्रबोधिनीत एकाच तुकडीत शिकत होते. एका ताटात जेवायचे, एकमेकांच्या पहिल्या एकट्या उड्डाणानंतर एकमेकांवर बादलीभर गार पाणी ओतलं होतं (तशी पद्धतच आहे, कोरडा राहिलेला वैमानिक अपशकुनी समजतात). आणि दोघांना एकच नोकरी हवी होती, महाव्योम एअरची. प्रबोधिनीतून दरवर्षी एकालाच तिथं थेट मोठ्या जेटवर घ्यायचे.

पूर्वी अशा नोकरीसाठी उड्डाणाचे तास मोजायचे, मुलाखत घ्यायचे, टाय नीट बांधलाय का ते बघायचे. आता सगळी मदार सावलीवर असते.

सावली म्हणजे वैमानिकाची नक्कल, पण नुसती वरवरची नाही. शिकणाऱ्यानं उडताना कपाळाला एक पट्टी बांधायची. डोळे कुठल्या काट्यावर किती वेळ रेंगाळले, छाती कधी धडधडली, हात हलायच्या आधी किती विचार झाला, हे सगळं ती पट्टी टिपते. मग एक संगणकी मेंदू अंदाज बांधतो, की आता ही मुलगी काय करणार? अंदाज चुकला की तो स्वतःला जरासा बदलतो. पुन्हा अंदाज, पुन्हा बदल. असं हजारो वेळा झालं की अंदाज चुकायचे थांबतात, आणि तुमच्यासारखंच घाबरणारं, तुमच्यासारखंच सावरणारं काहीतरी तयार होतं. ती तुमची सावली.

कंपनी त्या सावलीला खोट्या आकाशात सोडते. इंजिन पेटवते, पक्षी आदळवते, धुकं पाडते. तुम्ही निवांत झोपलेले असताना तुमची सावली लाखो संकटांतून जाऊन येते आणि सकाळी निकाल लागतो. माणूस मुलाखतीत थापा मारेल, सावली मारत नाही. एवढंच नाही, नोकरी लागली की ती सावली जेटच्या संगणकात तुमच्या मदतीला कायमची बसते. हात थकले, डोकं चालेना, तर एक बटण दाबायचं आणि विमान तिच्या हवाली करायचं.

आता मे महिन्यातला तो आठवडा. प्रबोधिनीच्या धावपट्टीवर तसा वारा सरळ असायचा. पण त्या आठवड्यात तो आडवा सुटला, आणि आडव्या वाऱ्याचा सराव सगळ्यांना तेव्हाच उरकायचा होता. सौमित्रला बाकी सगळं यायचं. बोलणं तर असं की विमानानंही ऐकून घ्यावं. पण वारा आडवा आला की त्याचे पाय दगड व्हायचे.

"यामे, माझी पट्टी तू बांध ना," तो कँटीनमध्ये हात जोडून म्हणाला. "माझ्या नावानं चार चकरा मार. तुझी मी बांधतो. पट्टी नाव विचारते, थोबाड कुठं बघते?"

"आणि तुझ्या पायांचं ते थरथरणं माझ्या सावलीत जाईल त्याचं काय बे?"

"अगं एवढ्या तासांत हे चार-सहा तास! कॉलेजात प्रॉक्सी नाही का लावत? तुझी हजेरी मी, माझी तू. वर्ग तर दोघांचाही झाला ना?"

झालं! ही चूक फक्त असलीच पोरं करू जाणे, ज्यांनी सगळं कॉलेज एकमेकांच्या 'प्रेझेंट सर'वर काढलंय. यामिनीला वाटलं, प्रॉक्सीच तर आहे. मित्र आहे. तिनं पट्टी बदलली. तो आठवडा संपला, वारा पुन्हा सरळ झाला, आणि तिच्या सावलीला आडवा वारा म्हणजे काय हे माहीत होतं ते फक्त सौमित्रच्या दगडी पायांतून.

निकाल लागला. सौमित्रची सावली पहिली. यामिनीच्या सावलीपुढे शेरा: 'आडव्या वाऱ्यात भरवसा ठेवू नये.'

ती धावतच त्याच्याकडे गेली. "चल, सांगून टाकू."

"वेडी झालीस का? सांगितलं तर दोघांचेही परवाने जातील. निदान एक तर जाऊ दे ना पुढं."

एवढ्यावर राहिला असता तर तिनं कदाचित माफही केलं असतं. पण निवड समितीनं त्याला सहज विचारलं, तुमची ती मैत्रीण, बाकी सगळ्यात उत्तम, मग असं का? तेव्हा यामिनी दाराबाहेर उभी होती, आणि दार पुरतं लागलेलं नव्हतं.

"हुशार आहे, सर," सौमित्र म्हणाला, "पण आडव्या वाऱ्यात हात कापतात तिचे. मीच किती समजावलं तिला."

ते वाक्य यामिनीच्या कानात जे जाऊन बसलं ते बसलंच.

सावलीतून शिकलेलं काढता येत नाही. वरणात मीठ जास्त पडलं की चमच्यानं उचलता येतं का? आणखी वरण घालावं लागतं. म्हणून यामिनी कोकणात आली. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्याबोडक्या कातळाच्या पठारावर, एक लहानशी धावपट्टी होती. औषधं, लशी, रक्ताच्या पिशव्या घेऊन एक छोटं विमान तिथून किनाऱ्यावरच्या गावांना जायचं. समुद्रावरचा वारा रोज दुपारी धावपट्टीला आडवा कापत जायचा. दुसरे वैमानिक महिन्याभरात पळून जायचे. यामिनी तीन वर्षं राहिली, रोज कपाळाला पट्टी बांधून उडाली. वरण ओतत राहिली.

व्हिडिओ पाहिला त्या संध्याकाळी तिनं आईला फोन लावला.

"आई, मी महाव्योमला पुन्हा अर्ज करते."

"काहून? त्या लोकायनं एकदा नाही म्हटलं ना. चांगलं रक्त पोचवून राहिली तू, पुण्याचं काम हाय."

"मला पुण्य नको. मला सौमित्र पाहिजे."

"अगं बाप्पा! लग्न करते का त्याच्याशी?"

"लग्न नाही गं! वाट लावायची आहे त्याची."

आई म्हणाली, "मंग जाच. पण नोकरी घेऊन ये. नुसती वाट लावून येऊ नको."

यामिनीची सावली आता आडव्या वाऱ्यात अशी काही नाचली की ती थेट शेवटच्या फेरीत पोचली. ही फेरी नागपूरच्या केंद्रात, हुबेहूब जेटसारख्या सिम्युलेटरमध्ये व्हायची. शेजारी कंपनीचा नोकरीतला वैमानिक बसायचा, आणि शक्यतो उमेदवाराच्याच तुकडीतला, म्हणजे दोघांच्या सवयी जुळतात. महाव्योममध्ये यामिनीच्या तुकडीतला वैमानिक होता एकच. यामिनीला हे पक्कं ठाऊक होतं.

"यामे!" सौमित्रनं दोन्ही हात पसरले. "काय योग बघ! मी तुझ्याबद्दल चांगलंच बोलणार आहे हं."

"मागच्यासारखंच?" यामिनी गोड हसली.

त्याची खळी जागच्या जागी थिजली.

परीक्षक होत्या कॅप्टन विभावरी नगरकर. पांढरे आखूड केस, आवाज मऊ, आणि नजर अशी की खोटं बोलायच्या आधी माणसानं घाम पुसावा. सकाळभर यामिनीनं सगळं चोख केलं. इंजिन बंद पडलं, तिनं सांभाळलं. धूर झाला, तिनं सांभाळला. मग महाव्योमचा रिवाज आला: शेवटची परीक्षा उमेदवारानं स्वतः निवडायची. हवामान काय, सावल्या चालू की बंद, विमान कोण उतरवणार. सगळेजण आपलं हुकमी कौशल्य निवडतात आणि टेचात बाहेर पडतात.

"बोल," कॅप्टन नगरकर म्हणाल्या.

"आडवा वारा, मॅडम. झोत येणारा. दोन्ही सावल्या बंद." यामिनीनं एक श्वास घेतला. "विमान उतरवेल सौमित्र. मी मदतनीस."

सौमित्रचा चेहरा असा झाला जसा कुणी त्याच्या पायाखालून जमीन काढून घेतली.

"तू नाही उतरवणार?" कॅप्टन नगरकरांनी भुवई उंचावली. "माहीत आहे ना, विमान आपटलं तर दोघंही नापास. आणि त्याला जमेना आणि तू वेळेवर घेतलंस, तर दोघंही पास."

"माहीत आहे, मॅडम."

हाच तर पेच होता! नोकरी हवी तर सौमित्र चुकताक्षणी 'विमान माझ्याकडे' म्हणायचं. नोंद होईल, 'उत्तम सहकार्य', आणि सौमित्र खळी पाडत सुटेल. सूड हवा तर गप्प बसायचं. पण मग आईनं बजावलेली नोकरी गेली, तीन वर्षांचा वारा गेला.

सिम्युलेटर हलला. समोर करडं आकाश, खाली धावपट्टी, आणि डावीकडून वाऱ्याचे धपाटे. सौमित्रचा अंगठा सवयीनं सावलीच्या बटणाकडे गेला. बटण विझलेलं होतं.

"पाय," यामिनी शांतपणे म्हणाली.

"हो, हो, माहीतंय."

झोत आला. विमान धावपट्टीवरून बाजूला ढकललं गेलं. सौमित्रनं हातानं ओढलं, जास्त ओढलं, पंख कलला. पाय मात्र पेडलवर नुसते ठेवलेले, देवळाबाहेरच्या चपलांसारखे.

"यामे, घे ना," तो पुटपुटला.

यामिनीचे हात मांडीवर होते. तिनं ते तिथंच ठेवले. आतून तिला किती बरं वाटत होतं म्हणून सांगू! उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

"मोठ्यानं बोल. सगळं रेकॉर्ड होतंय."

"विमान तुझ्याकडे! घे!"

"का?"

"का म्हणजे? आपटेल!"

"का देतोयस ते सांग. आडव्या वाऱ्यात हात कुणाचे कापतात?"

जमीन वर येत होती. सिम्युलेटर कर्कश ओरडू लागला, 'उंची! उंची!' सौमित्रच्या कपाळावरून घाम नाकावर आला.

"माझे! माझे कापतात! मला कधीच जमलं नाही! ती सावली तुझी आहे, पट्ट्या आपण बदलल्या होत्या, गोव्यालाही तिनंच उतरवलं! आता घे ना, यामिनी, पाया पडतो!"

"विमान माझ्याकडे," यामिनी म्हणाली.

धावपट्टी केव्हाच हुकली होती. तिनं जोर लावून विमान उचललं. चाकं गवताला घासून वर आली. एक मोठं वळण घेऊन ती पुन्हा आली, तिरकी, अलगद. नाकानं दोनदा मान डोलावली आणि जेट असं टेकलं की कपातला चहाही हिंदकळला नसता.

दिवे लागले. सौमित्र पट्टे सोडवून, कुणाकडे न बघता, बाहेर निघून गेला.

"उतरवलंस फार सुंदर," कॅप्टन नगरकर अखेर म्हणाल्या. "अशी वाऱ्याची जाण मी फार थोड्यांत पाहिलीये. त्याची सावली आज काढून घेतली जाईल. तो जेटवर बसणार नाही."

यामिनीच्या पोटात दिवाळी फुटली.

"पण त्यानं 'घे' म्हटलं, आणि तू घेतलं नाहीस. मधल्या वेळात मागे प्रवासी बसले होते. खोटे का असेनात."

"खोटेच होते, मॅडम."

"तुझ्या सावलीला हे माहीत नाही. आज सावली मदतीला बंद होती, पण पट्टी होती तुझ्या कपाळावर. ती काय शिकली? की शेजाऱ्यावर राग असेल तर जमीन जवळ येईपर्यंत थांबायचं. मी ती सावली कुठल्याही जेटमध्ये घालू शकत नाही."

फटाके विझले. यामिनी पट्टा सोडवून उठू लागली.

"थांब. एक दाखवते." कॅप्टननी तीच परीक्षा पुन्हा लावली. तेच आकाश, तेच झोत, सौमित्रच्या हातापायांच्या त्याच नोंदी. फक्त यामिनीच्या जागी आता होती सौमित्रच्या नावावरची सावली. म्हणजे, आडव्या वाऱ्यात तरी, तीन वर्षांपूर्वीची यामिनी.

पहिला झोत आला. सौमित्रचे पाय दगड झाले. आणि त्यानं 'घे' म्हणायच्याही आधी उजव्या सीटचा, म्हणजे यामिनीच्या जागेचा, दिवा हिरवा झाला. सावलीनं विमान घेतलं होतं. का, कशाला, काही नाही. तिनं ते धावपट्टीसमोर आणलं, थोपटून शांत केलं. आणि मग हिरवा दिवा पुन्हा डावीकडे गेला.

"हे काय?" यामिनी म्हणाली.

"परत देतेय त्याला. वारा जरा पडलाय ना. आता तुला जमेल म्हणतेय."

पडद्यावर विमान पुन्हा भरकटू लागलं, सावलीनं पुन्हा घेतलं, सावरलं, पुन्हा देऊ केलं. यामिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याचाच तिला संताप आला.

"बावळट आहे ती," ती म्हणाली. "मूर्ख आहे नुसती. अशीच पट्टी काढून दिली होती तिनं."

"असेल बावळट. पण तिच्या विमानात मी मागे डोळे मिटून बसेन." कॅप्टन नगरकर उठल्या. "पट्ट्या बदलल्या हा तुझाही गुन्हा. त्याची शिक्षा तू सड्यावर भोगून आलीस असं मी धरते. नोकरी देते, एका अटीवर. ही सावली तुझ्या नावावर होईल. पहिलं वर्षभर तुमचं दोघींचं पटलं नाही, तर विमान तिचं ऐकेल, तुझं नाही."

स्वतःच्याच जुन्या रूपाच्या हाताखाली नोकरी! यामिनीनं दात आवळले. तिला ओरडावंसं वाटलं, की त्या पोरीला काय कळतं, तिला कुणी फसवलंय अजून? मग तिनं पडद्याकडे पाहिलं. उजव्या सीटचा दिवा पुन्हा हिरवा झाला होता.

"हो," ती म्हणाली. "मान्य."

बाहेर कॉरिडॉरमध्ये सौमित्र बाकावर बसला होता. खांद्यावरच्या पट्ट्या त्यानं काढून मुठीत धरल्या होत्या.

"मिळाली?"

"मिळाली."

"मग झालं ना समाधान? मजा आली?"

"लय आली," यामिनी म्हणाली, आणि खोटं बोलली नाही. "पुन्हा करायला सांगितलं तर पुन्हा करेन."

"तुला तुझी मिळणारच होती. माझी कशाला घालवलीस?"

"तुझी नव्हतीच रे. माझ्या जागेवर बसला होतास तू, गरम केलीस फक्त."

तो मान वर न करताच म्हणाला, "ती रोज सोबत असायची. मी चुकलो की घ्यायची, पुन्हा द्यायची. कधी ओरडली नाही. खरं सांगू का यामे? तुझ्यापेक्षा चांगली आहे ती."

वर्मी लागलं. यामिनीनं ते लागू दिलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तुझ्याकडे ठेवत नाही तिला."